आई, या बॅचला तू बस

कोथरूड, पुणे

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आई, पुढच्या महिन्यात आमच्या बेकिंगच्या ऑनलाइन क्लासची नवी बॅच सुरू होतेय. तिला तू बसावंस असं मला फार मनापासून वाटतं. परवा फोनवर विषय काढला तर ‘आता या वयात काय शिकायचं’ म्हणून तू फोन बाबांच्या हातात दिलास, आणि बाबांनी विचारलं, टीव्हीवर दुसऱ्यांचे केक बघून कुणाला केक करता येतो का? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. फोनवर घाईघाईत उत्तरं द्यायची नव्हती, म्हणून लिहायला बसलो.

बाबांचं आधी. नुसतं बघून केक येत नाही, हे खरंच. पण करावासा वाटतो, आणि ते वाटणं कुठून तरी यावं लागतं. माझ्यात ते टीव्हीवरून आलं. लॉकडाऊनमध्ये रात्रीची जेवणं आटोपली की आम्ही तिघं ‘द ग्रेट ब्रिटिश बेक ऑफ’ लावून बसायचो. इंग्लंडमधला हा कार्यक्रम २०१० साली बीबीसीवर सुरू झाला, २०१७ पासून तो चॅनल फोरवर असतो. हिरवळीवर एक मोठा पांढरा तंबू, त्यात ओळीने मांडलेले ओटे, आणि त्यांच्यामागे नोकरी-संसार सांभाळून घरी हौसेने बेकिंग करणारी माणसं. जिंकणाऱ्याला पैसे मिळत नाहीत. फुलांचा गुच्छ आणि केक ठेवायचा स्टँड, एवढंच. तरी एकेका पावासाठी त्यांचा जीव असा टांगणीला लागलेला असतो की बघता बघता आपलेही हात शिवशिवायला लागतात.

त्यात तीन फेऱ्या असतात. पहिलीत घरी सराव केलेला पदार्थ करायचा, तिसरीत डोळे दिपतील असा मोठा घाट घालायचा. मला आवडते ती मधली, टेक्निकल. सगळ्यांना सामान तेच, कृतीही तीच, पण मुद्दाम अर्धवट लिहिलेली. ‘पीठ मळा’, ‘भाजा’, झालं. किती वेळ, कसं दिसेपर्यंत, काही नाही. आणि कुठली ताटली कुणाची हे परीक्षकांना माहीत नसतं. कृती पाठ करून आलेले तिथे अडतात. ज्यांच्या हाताला पीठ कळतं ते निभावून नेतात. आई, ती फेरी बघताना मला दर वेळी तुझी वही आठवते. ‘मैदा मावेल तेवढा’, ‘रंग आला की काढणे’. तू आयुष्यभर टेक्निकल फेरीच खेळत आलीस.

२०१५ साली ही स्पर्धा नादिया हुसैन जिंकली. ल्यूटन गावात वाढलेली, आईवडील बांगलादेशचे. तिच्या माहेरी ओव्हन होता, पण त्यात तवे ठेवलेले असायचे. केक भाजायचं तिला कळलं ते शाळेतल्या बाईंमुळे. आणि स्पर्धा जिंकल्यावर पुढच्याच वर्षी इंग्लंडच्या राणीच्या नव्वदाव्या वाढदिवसाचा केक तिनं केला. हे ऐकलं तेव्हा माळ्यावरचा आपला गोल ॲल्युमिनियमचा ओव्हन डोळ्यांपुढे आला, झाकणाला काच असलेला. वीजबिलाच्या धास्तीने तो फक्त माझ्या वाढदिवसाला खाली यायचा.

बाबा, तुमच्यासाठी मात्र २०१८ चा विजेता, राहुल मंडल. कोलकात्याकडचा. शिकायला इंग्लंडला गेला, पीएचडी झाला, आणि शेफील्ड विद्यापीठात प्रकाशाच्या साहाय्याने अचूक मोजमाप कसं करायचं यावर संशोधन करायला लागला. बेकिंग तो तिकडे गेल्यावरच शिकला. अंतिम फेरीत उन्हाच्या तापाने त्याची मोठी काचेची बरणी फुटली. सगळं साफ करण्यात वेळ गेला, तेवढा त्याला वाढवून दिला, आणि तो जिंकला. हा माणूस तुम्हाला आवडेल याची मला खात्री आहे. इंजिनाचे टॅपेट सेट करताना फट मोजायचं फिलर गेज लावल्याशिवाय तुम्ही गाडी वर्कशॉपबाहेर सोडत नव्हतात. बेकिंगही त्याच जातीचं काम आहे. माझ्या ओटीजीचं, म्हणजे विजेच्या छोट्या ओव्हनचं, बटण १८० वर असतं तेव्हा आत प्रत्यक्षात १६० अंश असतात. हे कळलं ते आत वेगळा थर्मामीटर ठेवल्यावर. तोवर केक मधे कच्चा का राहतो हेच उमगत नव्हतं.

आणि आई, तुझ्या वयाचा मुद्दा. आपल्याकडच्या ‘मास्टरशेफ इंडिया’चं पहिलं पर्व २०१० मध्ये पंकज भदौरिया जिंकल्या. लखनौच्या शाळेत शिकवणाऱ्या बाई, त्यासाठी त्यांनी नोकरी सोडली होती. २०२३ मध्ये सातवं पर्व झालं, त्यात मुंबईच्या उर्मिला आशर होत्या. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या गुजराती आजी, नातवंडांच्या वयाच्या मुलांबरोबर घड्याळाकडे बघत रांधत होत्या. तू तर अजून सत्तरीचीही नाहीस.

आता क्लासचं सांगतो, कारण हौस टीव्हीनं लावली तरी हात बसला तो तिथेच. टीव्हीवर तासाभराचं काम मिनिटात उरकतं. पीठ फुगायला ठेवलं की पुढच्या क्षणी टम्म फुगलेलं दिसतं. मधलं काही दिसत नाही, आणि शिकण्यासारखं सगळं मधेच असतं.

आमचा क्लास शनिवारी दुपारी असतो. मोबाइल ओट्यावर टेकवून उभा करायचा आणि करायला लागायचं. नाशिकच्या एक बाई आहेत, सांगलीचा कॉलेजातला एक मुलगा आहे, एकजण मस्कतहून असते. मॅडम मराठीत शिकवतात आणि प्रत्येकाला आपापलं भांडं कॅमेऱ्यासमोर धरायला लावतात. स्पंज केकच्या दिवशी अंडी आणि साखर कोमट करून फेटायची होती. बराच वेळ फेटल्यावर मिश्रण फिकट आणि दाट झालं. मॅडम म्हणाल्या, व्हिस्क वर उचला. धार पडली, पण तिची रेघ लगेच बुडून गेली. अजून फेटा, म्हणाल्या. पुन्हा उचललं तेव्हा रेघ वरच थांबली, पट्टीसारखी, आणि सावकाश विरली. मग मैदा चाळून घालायचा आणि ढवळायचं नाही. स्पॅच्युला मधोमध उभा घालायचा, तळापर्यंत न्यायचा, कडेने वर आणायचा, दुसऱ्या हाताने भांडं थोडं फिरवायचं. या स्पंजमध्ये बेकिंग पावडर नसतेच. तो फुगतो तो आपण कोंडलेल्या हवेवर, आणि जोरात ढवळलं की तीच निघून जाते. हे मी कितीतरी वेळा टीव्हीवर पाहिलं होतं. पण माझ्या भांड्याकडे बघून ‘अजून नाही’ म्हणणारं कुणी असल्याशिवाय ते मला कळलं नसतं.

वजनाचंही तसंच. एक कप मैदा चमच्याने सैल भरला तर १२० ग्रॅमच्या आसपास भरतो, तोच कप डब्यात खुपसून काढला की १५० च्या घरात जातो. चौथा हिस्सा मैदा जास्त गेल्यावर केक कोरडा होणारच. म्हणून आमच्याकडे वाटी-चमचा बाजूला, सगळं काट्यावर.

पण आई, तुला सांगायचंय ते नानखटाईचं. दिवाळीआधी आपण रवा, मैदा, पिठीसाखर, डालडा डब्यांत भरून बेकरीत घेऊन जायचो. बाकीच्या बायका डबे देऊन निघून जात. तू मात्र तूप फेसायचं काम त्यांच्यावर सोपवायची नाहीस. पत्र्याच्या मोठ्या परातीत तळहाताने गोल गोल फेसत राहायचीस, पांढरंशुभ्र आणि हलकं होईपर्यंत. मी कंटाळून ‘चल ना’ म्हणायचो, तू म्हणायचीस, अजून जड लागतंय. क्लासमध्ये एक अख्खा शनिवार यावरच गेला. साखरेचे कण लोण्यात घासले जाताना हवेचे बारीक बुडबुडे तयार होतात. सोडा किंवा बेकिंग पावडर नवे बुडबुडे करत नाही, आधी असलेले मोठे करते. म्हणजे फेसण्यात कसूर झाली तर मागाहून कितीही सोडा घाला, खुसखुशीतपणा येत नाही. तुला हे कुणी सांगितलं नव्हतं आणि तुझ्या तळहाताला ते माहीत होतं. मी वर्गात तुझं सांगितलं तेव्हा मॅडम म्हणाल्या, आईंना आणा एकदा, त्या कसं फेसतात ते सगळ्यांना बघू दे. मला इतका आनंद झाला की त्याच दिवशी तुला फोन केला.

सगळेच क्लास असे नसतात. आधी मी एका ठिकाणी पैसे भरले होते, तिथे रेकॉर्ड केलेले व्हिडिओ पाठवायचे आणि शेवटी रंगीत प्रमाणपत्र. प्रश्न विचारायला माणूसच नव्हता. त्यात काही अर्थ नाही. मोजके विद्यार्थी, समोर शिकवणारं माणूस आणि विचारायची मुभा, एवढं असेल तरच पैसे भरावेत.

पुण्यात राहण्याचा एक फायदा आहे. रविवार पेठेतल्या बोहरी आळीत केकचे साचे, बटर पेपर, नोझल, सगळं एका फेरीत मिळतं. रॉयल आयसिंगमध्ये, म्हणजे केकवरच्या वाळून कडक होणाऱ्या साखरेच्या सजावटीत, जगभर नाव झालेल्या प्राची धबल देब पुण्याच्याच; अंडं न वापरता त्या साखरेची इतकी नाजूक जाळी विणतात की बघत राहावं. आणि बाबा, तुम्ही पुण्याला आलात की कॅम्पात कयानीसमोर श्रूजबेरीसाठी उभे राहायचात ना, ती बेकरी १९५५ पासूनची. त्यांच्या बिस्किटाशी बरोबरी करायचा माझा विचार नाही. खारीच्या मात्र मी मागे लागलोय. कणकेत लोण्याची लादी ठेवून लाटायची, तिहेरी घडी घालायची, फ्रीजमध्ये विसावू द्यायची, असं सहा वेळा. लोण्याचे थर किती होतात तुम्हीच गुणून बघा: ७२९. ओव्हनमध्ये पाण्याची वाफ होऊन थर सुटतात, म्हणून लोणी मधेच वितळलं की खारी संपली. पुण्याच्या एप्रिलमध्ये मी ती करत नाही.

आई, ‘बिघडलं तर चारचौघांत शोभा होईल’ असंही तू म्हणालीस. बेक ऑफमध्ये २०१४ साली एकाचं आइस्क्रीम वितळलं आणि त्यानं रागाच्या भरात सगळा केकच कचऱ्यात टाकला. परीक्षकांपुढे ठेवायला काही उरलं नाही, तो त्याच आठवड्यात बाहेर गेला. त्यानंतर आमच्या घरी नियमच झालाय, कसंही झालं तरी टेबलावर आणायचं, कापायचं आणि आत काय झालंय ते बघायचं. आमच्या क्लासमध्येही बसलेले केक सगळे दाखवतात. कुणी हसत नाही.

नव्या बॅचमध्ये पाव, नानखटाई आणि खारी आहे. पाव मी मुद्दाम बाबांच्या साखरेचा विचार करून सुचवला. गव्हाच्या पिठाचा, वरून साखर नाही. यीस्टला ऊब लागते, त्यामुळे कराडच्या हवेत पीठ छान फुगेल. मळताना चिमूटभर पीठ दोन्ही हातांनी ताणायचं, न फाटता पातळ पडदा होऊन पलीकडचा उजेड दिसला की मळणं पुरे. हे तुला पहिल्याच दिवशी जमेल.

फी मी भरतो. वजनकाटा आणि ओव्हनचा थर्मामीटर या आठवड्यात एस.टी.च्या पार्सलने पाठवतो. थर्मामीटर बाबांनी सांभाळायचा, नोंदीही त्यांनीच ठेवायच्या. माळ्यावरचा ओव्हन खाली काढलात तरी वायर बदलल्याशिवाय प्लग लावू नका. तिचं रबर तेव्हाच तडकलं होतं. मी छोटा ओटीजी घेऊन पुढच्या रविवारी येतोय, मोबाइल कसा उभा करायचा तेही तेव्हाच दाखवतो. नावं शुक्रवारपर्यंत द्यायची आहेत. गुरुवारी रात्री फोन करेन, तेव्हा आई, फोन बाबांकडे देऊ नकोस.

तुमचा,
धाकटा