प्रोजेक्ट रिपोर्टवाल्या काकांना उघड पत्र

तीर्थस्वरूप काका,
सा. न.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, चहा घे" म्हणून विषय बदलता, म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितोय. आपल्या बडोद्यात लाकूडकामात शिरू पाहणारी मराठी पोरं बरीच आहेत. त्यांच्याही कामाला येईल.

सुतारकामासाठी बँकेचं कर्ज काढायचं म्हणून मी तुमच्याकडे आलो तेव्हा माझ्याकडे एका एजंटानं करून दिलेला छापील प्रोजेक्ट रिपोर्ट होता. बँकेनं तो परत पाठवला होता. फर्निचर उद्योगाच्या उज्ज्वल भवितव्यावर तीन पानं, आणि कच्च्या मालाला एक ओळ. ती तीन पानं तुम्ही वाचलीसुद्धा नाहीत. विचारलंत, "एका देवघराला सागवान किती लागतं? विकत किती घेतोस आणि देवघरात जातं किती?"

मग वखारीचा हिशोब निघाला. गोल लाकूड आम्ही घेराच्या चौथ्या भागाचा वर्ग गुणिले लांबी असं मापतो. चार फूट घेर, दहा फूट लांबी, म्हणजे दहा घनफूट. तुम्ही पाठकोऱ्या कागदावर वर्तुळाचं क्षेत्रफळ मांडून दाखवलंत की खरं माप पावणेतेराच्या घरात जातं. ते वरचं लाकूड फुकट मिळाल्यासारखं वाटलं, तोच तुमचा पुढचा प्रश्न आला: फळी किती निघते? साल, कडेचा पांढरा भाग, गाठी, भेगा आणि करवतीनं खाल्लेला भुसा वजा केला, तर माझ्या कामात त्या दहातले सहा-साडेसहा हाती लागतात. म्हणजे दहाचे पैसे मोजून सहाचं काम. रिपोर्टात दर तेवढा बरोबर होता!

त्याहून मोठी गोष्ट वाळवणीची. ओल्या फळ्या मध्ये पट्ट्या घालून सावलीत थप्पीला लावल्या की चार-सहा महिने त्यांना हात लावायचा नाही. ओलावा १२ टक्क्यांच्या आसपास आल्याशिवाय देवघराचं दार केलं, तर पहिल्याच उन्हाळ्यात वाकतं. छापील नमुन्यात मात्र महिन्याभराचाच साठा धरला होता. प्लायवाल्याला तो पुरेल, आम्हाला कसा पुरणार? "यंत्राला मुदत कर्ज, लाकडाला कॅश क्रेडिट, म्हणजे मर्यादेत लागेल तसं उचलायचं-भरायचं कर्ज. थप्पीत पैसे झोपलेले असतात, ते हप्त्याच्या पैशांतून झोपवायचे नाहीत." हे तुमचं वाक्य मी वर्कशॉपच्या भिंतीवर खडूनं लिहिलंय. मशीनचा आकडा त्यानंतर कमी केला. फळी एकसारख्या जाडीची करणारा थिकनेसर घेतला, बाकीचं सध्या बाहेरून करून घेतो.

बारा महिन्यांचा तक्ताही तुमचाच. गणपतीआधी देवघरं, दिवाळीआधी झोपाळे, मग लग्नसराई. श्राद्धात नि कमूर्त्यात, म्हणजे इथं अशुभ मानतात त्या धनुर्मासात, नवी वस्तू कोणी घरात आणत नाही. त्यात पावसाळी हवेत पॉलिश पांढरं पडतं, म्हणजे नेमकी घाई असते तेव्हाच काम अडतं. म्हणून पॉलिशची कामं मेअखेर उरकायची आणि ऑर्डरबरोबर निम्मे पैसे आगाऊ घ्यायचे, असं ठरलं. आगाऊ मागताना अजूनही जीभ अडखळते, पण मागतो.

"संखेड्याचा झोपाळा सोडून तुझा का घेतील?" या प्रश्नाचा मला रागच आला होता. इथून जेमतेम दीड तासावर कातीव, लाखेच्या रंगातलं सागवानी काम मिळतं. त्याच्याशी मी काय स्पर्धा करणार! शेवटी रिपोर्टात लिहिलं ते असं: फ्लॅटच्या भिंतीची मापं घेऊन केलेली साधी, बिनरंगी देवघरं, आणि छताला हूक नसलेल्या घरांसाठी चौकटीसकट झोपाळे. गिऱ्हाईक त्यासाठीच येतं.

पीएमईजीपीचं, म्हणजे नव्या छोट्या उद्योगाला कर्जावर अनुदान देणाऱ्या सरकारी योजनेचंही तुम्हीच समजावलंत. शहरात सर्वसाधारण गटाला अनुदान १५ टक्के, स्वतःचा वाटा १० टक्के, जमिनीची किंमत प्रकल्पात धरता येत नाही, आणि अनुदान हातात न येता तीन वर्षं बँकेतच ठेव म्हणून राहतं. पुष्कळ जण हेच न कळल्यामुळे फसतात. माझा पगार मात्र खर्चात धरायला लावलात, तेव्हा आई म्हणाली, मालकाला कसला पगार? आता दर महिन्याला घरखर्चाचे पैसे तीच माझ्याकडून मागून घेते.

तुम्ही फी घेतली नाहीत. देवघर करून देतो म्हटलं, तर म्हणालात, "माझं सासऱ्यांनी दिलेलं आहे, इथल्या कलाभवन तंत्रशाळेत शिकलेल्या मिस्त्रीनं केलेलं, तुझं त्यापुढे काय टिकणार!" ते मी पाहिलंय. मागच्या फळीत एकही खिळा नाही. काका, त्या बाबतीत माझं काही म्हणणं नाही.

दुसऱ्या वर्षाचा तक्ता भरायचाय. कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून मागावी का, यावर तुमचं मत हवंय. कमूर्त्यात काम कमी असतं, तेव्हा येतो. काकूंना नमस्कार सांगा.

आपला,
वाडीतला सुतार