चुन्याच्या भिंतीला सिमेंट लावू देऊ नका

माननीय पुरातत्त्व व वारसा मंत्री,
कर्नाटक शासन, बंगळूर यांस,
स. न. वि. वि.

मी बेळगावचा. घरात तीन पिढ्या गवंडीकाम. आम्ही ख्रिस्ती नव्हे. चर्चशी आमचं नातं थापी-ओळंब्याचं.

खानापूर तालुक्यातलं एक जुनं चर्च लहानपणी वडिलांबरोबर पाहिलं होतं. चुन्यात बांधलेलं, भिंती कोरड्या खडखडीत. पुढं कुणीतरी चांगल्या मनानंच पैसे दिले, दगडांमधले चुन्याचे सांधे उकरून त्यात सिमेंट भरलं, वर ऑइलपेंट फासला. गेल्या पावसाळ्यानंतर परत गेलो. खिडकीखाली लोणा, म्हणजे ओलीबरोबर येणारा पांढरा खार, फुटलेला, नखानं ओढलं तर दगडाचे पापुद्रे हातात. सिमेंटचा सांधा मात्र जसाच्या तसा! चुना ओल घेतो आणि सोडतो. सिमेंट वाट बंद करतं, मग ओल दगडातून बाहेर पडते आणि दगडच खाते. जूनपासून इथं पाऊस कसा धरतो, ते काय सांगायचं.

म्हणून भीती आहे ती बेळगावच्या कॅम्पातल्या, म्हणजे लष्करी छावणीतल्या, सेंट मेरीज चर्चची. अजून काही बिघडलंय असं माझं म्हणणं नाही. १८६९ सालची ही दगडी इमारत, टोकदार कमानींची. १८१८ मध्ये इंग्रजांनी किल्ला घेतला, छावणी बसली, आणि पलटणीतल्या गोऱ्यांच्या उपासनेसाठी हे चर्च उभं राहिलं. गावातल्या लोकांत मिसळणारे मिशनरी त्याच्या कितीतरी आधी आलेले: लंडन मिशनचे जोसेफ टेलर १८२० मध्येच. त्यांचे सहकारी विल्यम बेनन यांचं नाव बेननस्मिथ शाळेमुळं आजही आमच्या तोंडी आहे. चर्च साहेबांचं असेल. दगड घडवणारे हात इथलेच असणार.

किल्ल्यातली कमल बस्ती, म्हणजे जैन मंदिर, १२०४ सालची, ती संरक्षित आहे, चांगलंच आहे. पण दीडशे वर्षांच्या चर्चचं कुणी विचारायचं? मी अर्ज घेऊन एका कार्यालयात गेलो, तिथून दुसऱ्या. दोन्हीकडं उत्तर एकच, "ते आमच्याकडं येत नाही." चहा मात्र दोन्हीकडं मिळाला.

राज्याचा स्मारकांचा कायदा १९६१ सालापासून आहे. लगेच संरक्षित जाहीर करा असा हट्ट नाही; चर्च भरतं, लोक प्रार्थना करतात, त्यांना आपल्याच दारात परवानग्या मागायला लावू नका. आधी जिल्ह्यातल्या जुन्या चर्चची नोंद करा, खेड्यातलीसुद्धा. आणि डागडुजीच्या आधी चुन्याचं काम जाणणारा माणूस मोफत पाठवा. माहितीफलक लावलात तर कन्नडशेजारी मराठीच्याही चार ओळी असू द्या. पाट्यांवरून इथं काय होतं ते ठाऊक असूनही मागतोय.

चुना मळायची घाणी आता कुठं आहे, असं तुमचे इंजिनिअर विचारतील. आमच्या परसात तिचं दगडी चाक पडून आहे. बैल नसला तरी मोटार लावून फिरेल.

आपला,
बेळगावचा एक गवंडी