आई, तुझ्या गुडघ्याबद्दल आणि माझ्या आठ महिन्यांबद्दल

ती. आई-बाबा,
शि. सा. न.

माझा पेपर स्वीकारला गेला! काल संध्याकाळी ईमेल आली. फोनवर सांगितलं असतं तर तुम्ही दोघं "छान, छान" म्हणाला असतात, मग आईने माझ्या झोपेची चौकशी केली असती आणि सांगायचं ते राहूनच गेलं असतं. म्हणून पत्र.

लॅबमधल्या बाकीच्या बातम्या आधी भराभर सांगते. आमच्यातल्या सगळ्यात सीनियर दादाचा व्हायवा पार पडला. मागच्या वर्षी आलेल्या मुलीच्या पोस्टरला बक्षीस मिळालं. आणि ज्याची दोन वर्षं वाट पाहत होतो ते मशीन आलं. ते शरीरातल्या ऊतीचा नमुना चारही बाजूंनी एकदम ताणतं. त्वचा काय किंवा हृदयाची झडप काय, शरीरात एकाच दिशेने थोडीच ताणली जाते?

बाबा, मी बायोमेकॅनिक्स, म्हणजे शरीराच्या भागांवरच्या ताण-दाबाचं शास्त्र, हा विषय घेतला तेव्हा तुम्ही विचारलं होतंत, "मेकॅनिकल शिकून आता मांसाचे तुकडे ओढत बसणार का?" तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नव्हतं. या शास्त्राचा पाया घालणारे युआन-चेंग फंग मुळात विमानांचे इंजिनिअर होते. त्यांच्या आईला काचबिंदू झाला, तेव्हा त्यावरचं नवं संशोधन शोधून ते चिनी भाषेत उतरवून तिच्या डॉक्टरांना पाठवत होते. त्यातूनच ते शरीराच्या अभ्यासाकडे ओढले गेले. 1966 साली कॅलटेक हे अमेरिकेतलं विद्यापीठ सोडून ते सॅन डिएगोच्या विद्यापीठात गेले आणि फुप्फुसं, रक्तवाहिन्या, त्वचा यांच्यावरच्या ताणाचा हिशेब मांडत राहिले. 2019 साली शंभरी पूर्ण करून गेले. आईसाठी वाचायला बसलेल्या माणसाने एक अख्खं शास्त्र उभं केलं, हे आठवलं की मला फार बळ येतं.

तुम्ही आयुष्यभर पोलाद हाताळलंत, म्हणून तुमच्याच भाषेत सांगते. पोलादाची तार ओढली की जेवढा जोर तेवढी लांबी, आलेख सरळ रेषेत. कंडरेचं, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोरीचं, तसं नसतं. तिच्यातले कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे तंतू आरामात असताना नागमोडी असतात. सुरुवातीला फक्त त्या लाटा सरळ होतात, जोर असा लागतच नाही. त्या सरळ झाल्या की कंडरा एकदम ताठ होते आणि आलेख चढणीला लागतो. तशीच ताणून धरून ठेवली, तर लांबी तीच राहते, पण तिला धरून ठेवायला लागणारा जोर हळूहळू उतरत जातो.

आता जे तुमच्यापासून लपवलं होतं ते. मागच्या वर्षी "काम चाललंय" एवढंच म्हणत होते ना, तेव्हा माझी आठ महिन्यांची मोजमापं मी स्वतःच बाद केली होती. कंडरा ओली आणि निसरडी असते. मशीनच्या जबड्यात सॅंडपेपर लावूनही ती कणाकणाने सुटत होती, आणि मी जबड्यांमधलं अंतर मोजत असल्यामुळे ते घसरणंही कंडरेच्या लांबण्यात धरलं जात होतं. म्हणजे माझ्या आकड्यांत प्रत्येक कंडरा होती त्यापेक्षा मऊ दिसत होती. एका रात्री व्हिडिओ अगदी हळू लावून पाहत होते. जबड्याच्या कडेला कंडरेवर अर्धा झाकलेला शाईचा एक ठिपका होता. बघता बघता तो पूर्ण बाहेर आला. पोटात धस्स झालं. कोणाच्या लक्षात आलं नसतं, हेही खरं. सकाळी मॅडमना दाखवलं. त्यांनी तो तुकडा तीनदा पाहिला आणि म्हणाल्या, "सगळं बाजूला ठेव. पुन्हा करू." रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

मग नमुन्याची टोकं गोठवून घट्ट धरणारे जबडे बसवले आणि जबड्यांमधलं अंतर सोडून कॅमेऱ्याने थेट कंडरेवरचे ठिपके मोजायला लागले. हा पेपर त्यावरच आहे: तोच नमुना, दोन मोजण्या आणि त्यांतला फरक. माझी चूकही त्यात जशीच्या तशी लिहिली आहे.

आई, आता तुझं. माझ्या शेजारच्या टेबलावर गुडघ्याच्या कूर्चेचं, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत गादीचं, काम चालतं. एक चकती मी हातात घेऊन पाहिली. जाडी दोन-तीन मिलिमीटर, मोत्यासारखी पांढरी, थोडी निळसर. तिच्यात 70 ते 80 टक्के पाणी असतं. वरून दाब दिला की ती सावकाश चेपते आणि कडेने पाणी पाझरतं. दाब काढून खाऱ्या पाण्यात ठेवली की ते पाणी ती परत ओढून घेते. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, तिचं पोषण सांध्यातल्या द्रवातूनच होतं, आणि चालता-फिरताना होणाऱ्या दाबाने तो द्रव आतबाहेर खेळता राहतो. झिजलेली कूर्चा पहिल्यासारखी भरून येत नाही, ते मी तुला खोटं सांगणार नाही. पण दुखतं म्हणून दिवसभर खुर्चीत बसलीस, तर उरलेलीचीही उपासमार होते. डॉक्टरांनी सांगितलंय तेवढं चालत जा, माझ्यासाठी.

आणि पाय ताणून धरायचा व्यायाम घाईत उरकू नकोस. धरून ठेवल्यावर ताण सैल व्हायला वेळ लागतो, मी ते रोज डोळ्यांनी बघते. बाबा, आकडे तुम्ही मोजा. ती फार भराभर मोजते.

तुमची,
लेक