अम्मी, जानमाज अंथर

अम्मी, अब्बा,
अस्सलामु अलैकुम.

फोनवर हा विषय काढला असता तर अम्मीने लगेच दुसरं काहीतरी बोलायला घेतलं असतं, म्हणून लिहितेय. अब्बा, पत्र तुम्हीही वाचा. बापाला असं लिहिताना हात अडखळतो. पण रसूलुल्लाहंच्या (स.) पत्नी हजरत आयशांनी (र.) मदिन्यातल्या अन्सारी स्त्रियांचं कौतुक केलं ते याचसाठी, की दीन, म्हणजे धर्म, समजून घेताना त्यांनी लाज आड येऊ दिली नाही.

शुक्रवारी व्हिडिओ कॉलवर अम्मीची जानमाज, तिची नमाजची चटई, दिसली. घडी घालून कपाटाच्या वर ठेवलेली, तिच्यावर तसबीहची माळ. जमिनीवर वेगळं अंथरूण. विचारलं तेव्हा अम्मी हळूच म्हणाली, "पुन्हा सुरू झालंय." पाळी जाऊन सहा वर्षं झाली, आणि आज हा 22वा दिवस.

हैजमध्ये, म्हणजे पाळीत, नमाज नसते हे खरं. पण अम्मी, इतके दिवस हैज असूच शकत नाही. हनफी मजहबात (फिकहच्या पंथात) हैजची जास्तीत जास्त मुदत 10 दिवस, शाफई मजहबात 15. कुठल्याही हिशेबाने ती उलटली. त्यात हनफी आलिम 55 वर्षांनंतरचं रक्त सहसा हैजमध्ये धरतच नाहीत. हा इस्तिहाजा आहे, म्हणजे पाळीचं नसलेलं रक्त. फातिमा बिन्त अबी हुबैश (र.) यांनी हेच विचारलं होतं: माझं रक्त थांबत नाही, नमाज सोडू का? रसूलुल्लाह (स.) नाही म्हणाले. हे एका रगेचं, म्हणजे शिरेचं, रक्त आहे, हैज नव्हे. हैजचे दिवस सरले की रक्त धुवायचं आणि नमाज पढायची. तेव्हा आजच गुस्ल, म्हणजे पाक होण्याची पूर्ण आंघोळ, कर. मग प्रत्येक नमाजच्या वेळेला स्वच्छ होऊन, पॅड बदलून, हात-तोंड-पाय धुऊन नवं वुजू. मध्येच थेंब आला तरी नमाज होते, रोजाही होतो. सुटलेल्या नमाजांपैकी किती कजा, म्हणजे मागाहून भरून, पढायच्या ते मुफ्तीसाहेबांना मी विचारते, तुला संकोच नको.

आता त्या वेगळ्या अंथरुणाचं. हे खरंच हैज असतं तरी त्याची गरज नव्हती. सूरह बकरहच्या 222व्या आयतीत हैजला 'अजा', म्हणजे त्रास म्हटलंय आणि त्या दिवसांत संबंध टाळायला सांगितलंय. मदिन्यात काही लोक पाळीतल्या बाईबरोबर जेवत नसत, एका घरात राहत नसत. सहाबांनी, म्हणजे रसूलुल्लाहंच्या (स.) साथीदारांनी, त्याबद्दल विचारलं, तर त्यांच्याकडून उत्तर मिळालं: संभोग सोडून सगळं करा. नाभीपासून गुडघ्यापर्यंतच्या भागाबद्दल इमामांचे मतभेद आहेत. शेजारी झोपण्याबद्दल, हात धरण्याबद्दल नाहीत. हजरत आयशा (र.) पाळीत असताना भांड्याला जिथे ओठ लावून पीत, बरोबर तिथेच ओठ लावून रसूलुल्लाह (स.) पीत. त्यांच्या मांडीवर डोकं टेकून कुरआन पढत. हे वाचलं की मला दरवेळी भरून येतं. आणि इस्तिहाजामध्ये तर बहुतेक फुकहांच्या, म्हणजे धर्मशास्त्राच्या जाणकारांच्या, मते नवरा-बायकोवर कसलीच बंदी नाही.

अब्बा, तुम्ही दीनच्या अदबीपोटीच लांब झोपता, मला ठाऊक आहे. पण रात्री तिला भीती वाटते. हे ती मला म्हणाली, तुम्हाला सांगणार नाही.

भीती कशाची तेही बोलू या. पाळी पूर्ण गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं, अगदी डागापुरतं, तरी तपासावंच लागतं. बऱ्याचदा कारण साधं निघतं: आतलं अस्तर पातळ झालेलं असतं किंवा छोटी गाठ असते. कधी गर्भाशयाचा कॅन्सरही असतो, पण तो लवकर हाती लागतो तो या रक्तामुळेच. म्हणून घरी बसून वाट बघायची नाही. आधी सोनोग्राफी करतील, लागलं तर अस्तराचा तुकडा तपासायला पाठवतील. गुरुवारी अकराची वेळ घेतलीय, डॉक्टर बाईच आहेत. मी बुधवारी रात्री पोचते. रक्त कधी सुरू झालं, किती जातं, कोणत्या गोळ्या चालू आहेत, एवढं कागदावर लिहून ठेवा.

आणि अब्बा, जानमाज तुम्ही खाली काढा. कपाट उंच आहे, तिला स्टुलावर चढू देऊ नका.

तुमची लेक