जावाचे पुस्तक माझ्यापाशी आहे

महोदय,

गेल्या शुक्रवारी म्हापशाचा बाजार करून परतताना शिवोलीच्या वाटेवर भंगाराचा टेंपो पुढे लागला. मोडके फ्रीज, सळ्या, पत्रे आणि त्या सगळ्यावर आडवी टाकलेली एक लॅम्ब्रेटा स्कूटर. हँडल वाकलेले, पण पुढच्या पत्र्यावरचा निळा रंग अजून शाबूत. मी हात करून टेंपो थांबवला. भंगारवाला सांगू लागला, इंजीन कालच वेगळे काढले, अ‍ॅल्युमिनियमला भाव निराळा मिळतो, आता हे नुसते पत्रे नेऊन काय करणार? मी मुकाट्याने वाट दिली. ज्यांनी ती विकली त्यांना मी नावे ठेवू शकत नाही. १९९४ साली मी तेच केले आहे.

मांद्र्याला आमच्या घरी बाबांची जावा मोटरसायकल होती. १९६८ साली घेतलेली, म्हैसूरच्या कारखान्यात बनलेली, तांबूस टाकीची. एकच सिलिंडर, पण सायलेन्सर दोन. किकचा दांडा पुढे वळवला की तोच गिअरचा दांडा व्हायचा, आणि गिअर टाकताना क्लच दाबला नाही तरी चालायचे. बाबा म्हापशाला शाळेत शिकवायचे. तेव्हा चोपडे आणि शिवोली यांच्यामध्ये शापोरा नदीवर पूल नव्हता. रोज सकाळी जावा फेरीबोटीत चढायची. पावसाळ्यात धक्क्याच्या उतारावर शेवाळ असायचे, म्हणून मी मागे उतरून कॅरियर धरायचो. बोट सुटली की बाबा रुमालाने टाकी पुसायचे. पेट्रोलमध्ये मापाने ऑईल घालण्याचे काम माझे. त्या धुराचा वास माझ्या शाळेच्या शर्टाला असायचा आणि मला तो आवडायचा.

पुढे मला नोकरी लागली, मी हिरो होंडा घेतली. एका लिटरमध्ये दुपटीहून जास्त पळणारी, धूर नाही, ऑईलची कटकट नाही. जावा पडवीत गेली. बाबा आठवड्यातून एकदा ती सुरू करायचे. मला त्या धुराची आता लाज वाटायची, हे लिहिताना हात थांबतो आहे, पण खरे तेच लिहितो. पडवी वाढवून खोली काढायची होती. बेळगावकडचा एक माणूस जुन्या गाड्या गोळा करत गावात आला होता. बाबा एवढेच म्हणाले, "राहू दे रे, ती काय जेवायला मागते?" मी ऐकले नाही. उक्ते सहाशे रुपये ठरले. त्या माणसाने किक मारून पाहिली, तिसऱ्या किकला गाडी सुरू झाली. चालती गाडी मी विकली. बाबा तेव्हा आत देवघरात होते, ते बाहेर आलेच नाहीत. त्यानंतर आमच्या घरात जावाचा विषय कोणी काढला नाही.

दुसरी चूक मडगावच्या मामांच्या बाबतीत. त्यांच्याकडे मर्सिडीजची डिझेल टॅक्सी होती, खाली काळी, वर पिवळी. तशा टॅक्सी गोव्यात तेव्हा डोळ्यांच्या सवयीच्या होत्या. पोर्तुगीज राजवटीत परदेशी गाड्या मुरगाव बंदरातून येत, मुक्तीनंतरही त्या वर्षानुवर्षे आमच्या रस्त्यांवर धावत राहिल्या. मामांनी विचारले होते, "घेतोस का?" मी नको म्हटले.

बाणावलीच्या गोवा चित्रा संग्रहालयात जुने गाडे आणि पालख्या जपल्या आहेत, ते पाहताना मनापासून बरे वाटते. पण प्रत्येक घरातली स्कूटर संग्रहालयात जाऊ शकत नाही. ती घरीच राहायला हवी, आणि त्यासाठी कायद्यात सोय आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये नियम काढला. पहिल्या नोंदणीला ५० वर्षे उलटलेली, मूळ रूपात राखलेली दुचाकी किंवा चारचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, फेरनोंदणीला ५,०००. नंबरात 'व्हीए' ही अक्षरे येतात. अशी गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही, पण प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला नेता येते. देशात आधी नोंदलेल्या गाडीसाठी अर्जासोबत जुने नोंदणीपुस्तक लागते, आणि लोक नेमके तेच हरवतात.

माझी खरी काळजी अजून पन्नाशी न गाठलेल्या गाड्यांची आहे. ऐंशीच्या दशकातली येझदी मोटरसायकल, विजय सुपर स्कूटर, पद्मिनी मोटार. त्यांची नोंदणी दर ५ वर्षांनी वाढवावी लागते. १ एप्रिल २०२२पासून जुन्या मोटारीसाठी हे शुल्क ६०० रुपयांवरून ५,०००वर गेले, दुचाकीसाठी ३००वरून १,०००वर; २०२५मध्ये वीस वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ते आणखी वाढले. महिन्यातून एकदा बाहेर निघणाऱ्या गाडीवर एवढा खर्च नको म्हणून लोक मुदत चुकवतात, मग दंडाला घाबरतात, मग भंगारवाल्याला फोन करतात. चाळीस वर्षे जपलेल्या गाड्यांना पन्नाशी गाठेपर्यंत शुल्कात सवलत द्यावी, ही माझी सरकारला विनंती. आणि ज्यांच्या पडवीत माडाच्या चुडतांखाली अशी गाडी आहे त्यांनी निदान पुस्तक तपासून ठेवावे, टाकीत पाणी शिरू देऊ नये. आपल्या पावसात आणि खाऱ्या वाऱ्यात पत्रा दोन वर्षांत चाळण होतो. विकायचीच असेल तर गावातल्या एखाद्या तरुण मेस्ताला, म्हणजे गाड्या दुरुस्त करणाऱ्या कारागिराला, आधी विचारावे.

बाबा आता नाहीत. मागच्या चतुर्थीला माळ्यावरची पेटी उघडली तर तळाशी जावाचे नोंदणीपुस्तक सापडले. त्या घाईत मी ते दिलेच नव्हते. त्या माणसाने चालती गाडी तोडली नसावी, अशी मला आशा आहे. बेळगाव, कोल्हापूर, गोवा, कुठेही कोणापाशी तांबूस जावा असेल, टाकीच्या डाव्या अंगाला नारळ पडून झालेला खळगा असेल आणि कागद नाहीत म्हणून ती अडली असेल, तर त्यांनी आपल्या कार्यालयामार्फत मला कळवावे. चासी नंबर जुळला की पुस्तक घेऊन जावे. ते बाबांच्या नावावर आहे, वारस म्हणून लागतील त्या सह्या मी करीन. पैसे नकोत.

आपला,
एक वाचक, मांद्रे, पेडणे