किंमत छापलीत, आता हात कुणाचे तेही छापा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत पॅरिसच्या ओत कुतूर, म्हणजे गिऱ्हाइकाच्या मापाने हाताने शिवलेल्या खूप महाग कपड्यांच्या, शोचे फोटो आले होते, खाली गाऊनच्या किमती होत्या, आणि त्यावरून आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर दोन दिवस नुसता धुरळा उडाला. या बायकांना पैसा जड झालाय, एवढ्यात साताऱ्यात फ्लॅट येईल, लोक उपाशी मरतायत आणि ह्यांची थेरं बघा, असं काय काय. मी काहीच लिहिलं नाही कारण मी तो फोटो मोबाईलवर मोठा करून बाही बघत बसले होते. मी 11 वर्षं आरी वर्क, म्हणजे हूकच्या सुईने भरतकाम, करते, लग्नाचे ब्लाऊज मुख्य, आणि त्या बाहीवर कटदाणा, म्हणजे बारीक काचेचे मणी, इतका दाट भरला होता की कापड दिसतच नव्हतं. असं एक इंच बाय एक इंच भरायला मला पाऊण तास लागतो, तोही हात बसलेला असताना. एका बाहीचे इंच मोजा आणि मग बोला.

म्हणून मला म्हणायचंय की किंमत बघून नाकं मुरडू नका. ओत कुतूर हा शब्द कुणीही दुकानावर लावू शकत नाही, फ्रान्समध्ये 1945 पासून त्याला कायद्याचं संरक्षण आहे. पॅरिसमध्ये स्वतःचं वर्कशॉप पाहिजे, तिथे ठरलेले कारागीर पगारावर पाहिजेत, वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैमध्ये, कलेक्शन दाखवायला पाहिजे, आणि कपडा गिऱ्हाइकाच्या मापाने ऑर्डरवरच शिवायचा. आधी साध्या सुती कापडाचा पूर्ण ड्रेस शिवून अंगावर घालून बघतात, नेहमीच्या गिऱ्हाइकाच्या मापाचा पुतळाच करून ठेवतात, मग खरं कापड कापतात, मग परत फिटिंग. साधा दिवसा घालायचा सूट असेल तरी दहा हजार डॉलरच्या पुढेच, म्हणजे आठ-नऊ लाख, आणि भरतकामाचा गाऊन लाख डॉलरच्याही वर सहज जातो. घेणारे जगभरात काही हजारच असतील असं म्हणतात. दुसऱ्या महायुद्धानंतर पॅरिसमध्ये असे कपडे करणारी शंभरच्या वर फॅशन घरं होती, आता बोटावर मोजण्याइतकी उरलीत, आणि तीसुद्धा कपड्यावर कमी आणि परफ्यूम-लिपस्टिकवर जास्त कमावतात.

मग हे श्रीमंत लोक घेतात ते वाईट का? मला नाही वाटत. 2024 च्या मेट गालाला, म्हणजे न्यूयॉर्कच्या त्या मोठ्या फॅशन सोहळ्याला, ईशा अंबानींनी डिझायनर राहुल मिश्रांचा साडी गाऊन घातला होता, त्याला दहा हजार तासांच्या वर काम लागलं असं सांगितलं गेलं. दहा हजार भागिले आठ म्हणजे 1250 दिवस, रविवारची सुट्टी धरली तर एका माणसाची चार वर्षं! हे काम कोण देणार? आपण तर नाही देऊ शकत. मुना अयुब म्हणून पॅरिसच्या कुतूरच्या मोठ्या गिऱ्हाईक आहेत, त्यांनी 1996 चा शनेल या फ्रेंच फॅशन ब्रँडचा भरतकामाचा कोट जपून ठेवला होता, 2023 मध्ये लिलावात तो 3 लाख 12 हजार युरोला गेला, म्हणजे पावणेतीन कोटींच्या वर. एवढं जपणारं गिऱ्हाईक मिळालं तर कारागिराचं सोनं झालं. श्रीमंतांनी असल्या कामावर खर्च करणं बंद केलं तर उपाशी आधी आम्ही मरू.

माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. तुमच्या त्या पूर्ण पानात डिझायनरचं नाव होतं, मॉडेलचं होतं, पहिल्या रांगेत कोण बसलं होतं त्यांची नावं होती, भरतकाम कुणी केलं याची एक ओळ नाही. पॅरिसचं लसाज हे भरतकामाचं जुनं घर 1924 चं, ते शनेलने 2002 मध्ये विकत घेतलं आणि त्याचं कौतुक सगळीकडे छापून येतं, यायलाच पाहिजे. पण याच कुतूरचं आणि मोठ्या ब्रँडचं कितीतरी भरतकाम आपल्या मुंबईत होतं. डिओर हा फ्रेंच ब्रँड तर चाणक्य या मुंबईच्या भरतकाम घराबरोबर उघडपणे काम करतं, मार्च 2023 मध्ये गेटवे ऑफ इंडियासमोर त्यांनी शो केला, तो कुतूरचा नव्हता रेडिमेड कपड्यांचा होता, पण निदान मुंबईचं नाव तरी झालं. बाकी किती ब्रँड असं सांगतात? शेवटचं महत्त्वाचं काम ज्या देशात झालं त्याचं नाव लेबलवर येतं, मग मुंबईच्या मदनपुऱ्यात किंवा गोवंडीत अड्ड्यावर, म्हणजे कापड ताणून बसवायच्या लाकडी चौकटीवर, पाठ वाकवून कुणी महिना घालवला ते त्या लेबलवर येणार कुठून. 2016 मध्ये युरोपातल्या काही मोठ्या ब्रँडनीच मुंबईच्या एम्ब्रॉयडरी युनिटसाठी उत्थान नावाचा करार केला, कामगारांची सुरक्षितता वगैरे सुधारायला, म्हणजे प्रश्न आहे हे त्यांनाही माहितीये.

मागे प्राडा या इटलीच्या ब्रँडने कोल्हापुरीसारखी चप्पल रॅम्पवर आणली आणि कोल्हापूरचं नाव घेतलं नाही तेव्हा आपण सगळे पेटून उठलो, पेपरांनी अग्रलेख लिहिले, शेवटी कंपनीला मान्य करावं लागलं. भरतकामाच्या बाबतीत कुणाला काहीच का वाटत नाही? चप्पल ओळखू येते आणि टाका ओळखू येत नाही एवढंच कारण असेल. पण आम्हाला येतो. फ्रान्समधल्या लुनेव्हिल पद्धतीत कापडाच्या उलट्या बाजूने हूक चालवतात, मणी आधीच दोऱ्यात ओवून खालच्या अंगाला असतो, आणि काम करणाऱ्याला सुलटी बाजू दिसतच नाही. आपली आरी सुलट्या बाजूने चालते, मणी सुईच्या टोकावर घ्यायचा, डाव्या हाताने खालून दोरा द्यायचा.

आणि भाव कमी केला की काय होतं तेही सांगते. मागच्या लग्नसराईत एका नवरीच्या ब्लाऊजला पाठीवर पूर्ण मोर केला, 46 तास लागले, वहीत लिहून ठेवलेत, मटेरियल धरून साडेसहा हजार सांगितले तर तिची आई म्हणाली ताई, मशीनचं अठराशेला मिळतं, तुम्ही साडेचार घ्या. मी पाच घेतले. मटेरियल वजा केलं तर तासाला ऐंशी रुपयेसुद्धा पडले नाहीत, आणि मोराची मान जमेना म्हणून दोनदा उसवली ते तास तर मी वहीत धरलेच नव्हते.

म्हणून तुम्हाला विनंती आहे. पुढच्या सीझनचे फोटो छापाल तेव्हा किमतीशेजारी किती तास लागले आणि भरतकाम कुठल्या गावात झालं ते कंपनीला मेल करून विचारा आणि छापा, त्यांनी सांगितलं नाही तर सांगितलं नाही असं छापा. आणि तुमच्या मुंबईच्या वार्ताहरांना एक दिवस त्या कारखान्यांमध्ये पाठवा, अड्ड्यावरच्या माणसाला त्याचा रोज किती ते विचारू द्या. त्यांना टाका कळणार नाही असं वाटत असेल तर मी सोबत यायला तयार आहे, मंगळवारी माझे क्लास नसतात.

आपली,
आरी वर्क करणारी एक वाचक, सातारा