काचपेटी विकली त्याच दिवशी मासे विकू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र फिशटँक विकणाऱ्या दुकानदारांसाठी आहे आणि मुलांच्या हट्टापायी टँक घरी आणणाऱ्या आईबाबांसाठीही आहे. छापाल तर बरं होईल कारण हा प्रकार घरोघरी चाललाय आणि त्यावर कोणी बोलत नाही.

डिसेंबरात आमच्या शेजारच्या दुसरीतल्या मुलीचा वाढदिवस झाला. बाबांनी तिला दोन फुटी टँक घेऊन दिला, सोबत रंगीत खडी, प्लॅस्टिकची झाडं, एक स्पंज फिल्टर आणि सहा गोल्डफिश. सगळं एकाच दिवशी, एकाच दुकानातून. दुकानदाराने सांगितलं नळाचं पाणी भरा, अँटीक्लोरीनचे थेंब टाका आणि अर्ध्या तासाने मासे सोडा. त्यांनी अगदी तसंच केलं. चौथ्या दिवशी पाणी दुधाळ झालं म्हणून पाचव्या दिवशी त्यांनी सगळं पाणी काढून टाकलं, खडी आणि स्पंज नळाखाली घासून धुतला आणि परत नवीन पाणी भरलं. नवव्या दिवशी संध्याकाळी मला हाक मारली तेव्हा दोन मासे आधीच गेलेले होते आणि उरलेले चार पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होते, कल्ले लालभडक झालेले. मी घरून टेस्ट किट नेला आणि अमोनियाची टेस्ट केली, नळीतलं पाणी पिवळं राहायला हवं ते गर्द हिरवं झालं, कार्डावरच्या 4 पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भाग पाण्यात चार भाग अमोनियाच्या, खान्याशी जुळणारं. अर्धं पाणी लगेच बदललं, पण सकाळपर्यंत चारही गेले.

आजी म्हणाल्या, जाऊ दे, घरावरचं काही संकट असेल ते माशांनी अंगावर घेतलं. आणि ती पोरगी मला विचारत होती, काकू, मी जास्त खाऊ घातलं म्हणून मेले का. मला हे ऐकवत नव्हतं. आपल्याकडे किती घरांत ऐकलंय मी हे, संकट माशांनी घेतलं, आमच्या घराला मासे लाभत नाहीत. आजींच्या भावनेचा मला आदर आहे पण हे मासे अमोनियाने मेले, आणि तो टाळता येतो.

मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया बाहेर टाकतो, उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजून त्यात भर पडते. नदीत, तळ्यात तो पसरून जातो आणि तिथे त्याला खाणारे बॅक्टेरिया दगडांवर, गाळात आधीपासून वस्तीला असतात. नव्या कोऱ्या काचपेटीत यातलं काहीच नसतं. दोन बाय एक बाय एक फुटाच्या टँकमध्ये जेमतेम 50 लिटर पाणी मावतं, त्यात सहा गोल्डफिश, जो मासा घाण करण्यात सगळ्यात पुढे, मग चार-पाच दिवसात त्या पाण्याचं विष होणारच. काचेतून बघितलं तर पाणी स्वच्छ दिसतं, अमोनिया डोळ्यांना दिसत नाही, हीच तर अडचण आहे.

टँकमध्ये दोन कामं करणारे बॅक्टेरिया बसावे लागतात. पहिले अमोनिया खाऊन त्याचं नायट्राइट करतात. नायट्राइटही विषारीच, ते रक्तात शिरलं की रक्त तपकिरी पडतं, प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही, म्हणून पाण्यात हवा सोडत असूनही मासा गुदमरतो. मग दुसरे बॅक्टेरिया त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात, ते बऱ्याच कमी धोक्याचं असतं, आठवड्याला थोडं पाणी बदललं की आटोक्यात राहतं, मनीप्लँटची मुळं पाण्यात सोडली तर तीही ते शोषतात. हे बॅक्टेरिया पाण्यात तरंगत नसतात, ते स्पंजला, खडीला, काचेला चिकटून राहतात. आणि फार सावकाश वाढतात, इतर बॅक्टेरिया तासाभरात दुप्पट होतात तर यांना पाऊण-एक दिवस लागतो. म्हणून नव्या टँकला चार ते सहा आठवडे लागतात, आणि नाशिकची डिसेंबरातली थंडी असेल, पाणी 18-19 डिग्रीला गेलं असेल तर अजून जास्त. दुधाळ पाणी म्हणजे वेगळेच, भराभर वाढणारे बॅक्टेरिया असतात, ते दोन-चार दिवसात आपोआप निवळतं, त्यासाठी टँक उपसायची गरज नसते. शेजाऱ्यांनी स्पंज नळाखाली धुतला तेव्हा त्यावर जे थोडेफार कामाचे बॅक्टेरिया बसायला लागले होते तेही क्लोरीनने मेले आणि सगळं परत पहिल्यापासून. यात त्यांची चूक नाही. त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

आता कोणी म्हणेल की बाटलीतले बॅक्टेरिया मिळतात की. मिळतात, काही चांगले असतात, पण बऱ्याच बाटल्यांत गाळ कुजवणारे भलतेच बॅक्टेरिया असतात, ते अमोनियाचं हे काम करत नाहीत. कितीतरी बाटल्यांवर अजून नायट्रोबॅक्टर हेच नाव मिरवतं, टँकमधलं नायट्राइट हेच बॅक्टेरिया खातात असं पूर्वी समजायचे. 1998 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिलं की गोड्या पाण्याच्या टँकमध्ये नायट्राइट खाण्याचं काम नायट्रोस्पायरा जातीचे बॅक्टेरिया करतात, आणि 2015 मध्ये तर असं कळलं की काही नायट्रोस्पायरा अमोनियापासून नायट्रेटपर्यंत दोन्ही कामं एकटेच करतात. म्हणून बाटली घेतलीच तरी टेस्ट केल्याशिवाय तिच्या भरवशावर मासे सोडू नका.

खात्रीचा उपाय म्हणजे विरजण. दही लावायला जसं शेजारून वाटीभर विरजण आणतो तसं ज्यांचा टँक वर्षभर नीट चाललाय त्यांच्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा मागून आणायचा, मात्र त्यांचे मासे निरोगी आहेत ना हे आधी बघायचं. मी माझ्या फिल्टरचा स्पंज कापून शेजाऱ्यांना दिला, तो टँकच्याच पाण्याने भरलेल्या पिशवीत घालून पाच मिनिटात त्यांच्याकडे नेला, वाळू द्यायचा नसतो. दाबल्यावर त्यातून कॉफीसारखा तपकिरी गाळ निघतो, बघणाऱ्याला किळस येते, पण त्या गाळातच सगळी वस्ती असते. म्हणून स्पंज धुवायचा तर टँकमधून काढलेल्या बादलीभर पाण्यात दोन-तीनदा हलकेच पिळायचा, बस्स. नळाखाली कधीच नाही, साबण तर नाहीच नाही.

पण मासे नसताना या बॅक्टेरियांनी खायचं काय, म्हणून अमोनिया आपण घालायचा. रोज चिमूटभर माशांचं खाणं टाकून कुजू दिलं तरी चालतं, जरा घाण होते इतकंच. मी अमोनियम क्लोराइड वापरते, म्हणजे कल्हईवाले वापरायचे तो नवसागरच, पण बाजारातल्या नवसागरात काय मिसळलेलं असेल सांगता येत नाही म्हणून केमिकलच्या दुकानातून शुद्ध आणते. 50 लिटरला साधारण 0.3 ग्रॅम, म्हणजे 2 पीपीएमच्या आसपास होतो. हीटर 28 डिग्रीवर ठेवायचा, फिल्टर चोवीस तास चालू. रात्री आवाज होतो किंवा लाईटबिल येतं म्हणून फिल्टर बंद करणारे खूप आहेत, त्यांनी लक्षात घ्या की या बॅक्टेरियांना प्राणवायू लागतो, पाणी वाहायचं थांबलं की स्पंजच्या आत ते गुदमरायला लागतात. लाईट तासन् तास जाते तिथे बॅटरीवरचा एअर पंप घेऊन ठेवावा, महाग नसतो.

आणि ज्यांनी मासे आधीच सोडलेत त्यांनी घाबरून सगळं उपसू नका. खाणं दोन दिवस बंद करा, मासे उपाशी मरत नाहीत. अमोनिया किंवा नायट्राइट दिसत असेल तर क्लोरीन काढलेल्या पाण्याने रोज तिसरा हिस्सा पाणी बदला. नायट्राइट चढलं असेल आणि मासे गोल्डफिश असतील तर लिटरला एक ग्रॅम जाडं मीठ विरघळवून घाला, मिठातलं क्लोराइड नायट्राइटला रक्तात शिरू देत नाही. बदललेल्या पाण्यापुरतंच पुढे मीठ घालायचं, सगळ्या टँकला परत नाही.

दुकानदारांना माझी कळकळीची विनंती आहे. तुम्हाला हे सगळं माहीत असतं, तुमच्या दुकानातले टँक काय तसेच चालत नाहीत. गिऱ्हाईकाला टँक, फिल्टर आणि टेस्ट किट आज विका, सोबत तुमच्या चालत्या फिल्टरमधला स्पंजचा एक तुकडा द्या आणि सांगा की मासे टेस्ट नीट आल्यावर न्या. काउंटरवर मराठीत पाटी लावा. मासे मेले की गिऱ्हाईक परत येऊन नवे नेतं असं वाटत असेल तर तसं होत नाही, ते टँक माळ्यावर टाकतं आणि परत तुमची पायरी चढत नाही, मी माझ्या ओळखीतल्या निदान सात-आठ घरांत हे बघितलंय. आणि वाढदिवसाला रिटर्न गिफ्ट म्हणून काचेच्या वाटीत एकेक गोल्डफिश वाटायची जी नवी टूम निघालीय तिला तरी कृपा करून मासे पुरवू नका. त्या वाटीत ना फिल्टर बसतो ना बॅक्टेरिया, आणि नीट जगला तर वीतभर होणारा मासा आहे तो.

शेजारी टँक विकायला निघाले होते, मी थांबवलं. माझा स्पंज त्यांच्या टँकमध्ये घातल्याला आज अकरावा दिवस आहे. ती मुलगी रोज संध्याकाळी शाळेतून आली की माझ्याकडून किट घेऊन जाते, पाच मिली पाणी मोजून नळीत घेते, थेंब मोजताना ओठ हलतात, आणि रंग कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकोनात स्केचपेनने भरते. अमोनियाचे चौकोन हिरव्यावरून पिवळे झालेत. नायट्राइटचे सहा दिवस नुसते जांभळे होते, काल पहिल्यांदा जरा फिका भरला. तो निळा झाला, आणि 2 पीपीएम अमोनिया घातल्यावर दुसऱ्या दिवशी दोन्ही शून्य आले, की निम्म्याहून जास्त पाणी बदलायचं आणि मग मासे. तेही सहा नाहीत. दोन आणायचे असं तिने स्वतःच ठरवलंय.

आपली नम्र,
एक वाचक, नाशिक